विश्लेषण : कळमेश्वर ते धापेवाडा नदीकाठची वाट… पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी शक्य आहे का?

आषाढात ‘विदर्भाची पंढरी’ असलेल्या धापेवाड्याला नागपूर जिल्ह्यातल्या गावागावांतून दिंड्या येतात. कळमेश्वरहून हे अंतर दहा-बारा किलोमीटरचे, म्हणजे दोन-अडीच तासांची चाल. सायकल असेल तर पाऊण तास. पण ही चाल आता चौपदरी राष्ट्रीय महामार्गाच्या कडेने करावी लागते. धापेवाड्यातले विठ्ठल मंदिर चंद्रभागेच्या काठावर आहे. मग महामार्ग टाळून नदी, नाले आणि पांदण रस्त्यांच्या आधाराने जाणारी पायी आणि सायकलची वाट का असू नये, हा प्रश्न साधा वाटतो. उत्तर मात्र महसुली नकाशे, पूररेषा आणि वाळूच्या ट्रॅक्टरपर्यंत जाते.

हा विषय आताच का?

गेल्या वर्षी दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन निर्णय झाले. एक दिल्लीत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले, की अडथळ्याविना आणि अपंगांनाही वापरता येईल असा पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालय पुढे गेले. पादचारी आणि बिगरयांत्रिक वाहने यांच्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ (१अ) आणि २१०-ड नुसार सहा महिन्यांत नियम करा, असे राज्यांना सांगितले गेले.

दुसरा निर्णय मुंबईत, मंत्रालयात झाला आणि त्याचा पादचाऱ्यांशी वरवर काही संबंध दिसत नाही. मे २०२५ मध्येच महसूल विभागाने शेतरस्त्यांची रुंदी किमान तीन ते चार मीटर ठेवण्याचे आणि त्या रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचे ठरवले. मागणीवर ९० दिवसांत निर्णय द्यायचा, अशी मुदतही घातली. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र वावरापर्यंत पोहोचावे, हा त्यामागचा हेतू. पण खेड्यातून खेड्यात पायी जाण्याची वाट मोकळी होण्याची शक्यताही याच कागदात आहे. पहिल्या निर्णयाची चर्चा शहरांत झाली, दुसऱ्याची चावडीवर. कळमेश्वरसारख्या तालुक्यात दोन्ही एकत्र वाचावे लागतात.

महामार्ग झाला, मग अडचण काय?

सावनेर–धापेवाडा–कळमेश्वर–गोंडखैरी हा सुमारे २९ किलोमीटरचा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ५४७-ई आहे. चौपदरीकरणामुळे कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतली मालवाहतूक, सावनेरकडून छिंदवाड्याकडे जाणारी वाहने आणि अडासा-धापेवाड्याचे भाविक या सगळ्यांची सोय झाली, यात शंका नाही. पूर्वीच्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर येणाऱ्या ट्रकमधून वाट काढताना काय होत असे, हे इथल्या दुचाकीस्वारांना सांगायला नको.

मात्र रस्ता रुंद झाला की वेग वाढतो आणि वेग वाढला की रस्ता ओलांडणाऱ्याची अडचण वाढते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले ३२ हजार ८२५ पादचारी होते, म्हणजे जवळपास पाचातला एक. देशातल्या एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण अपघाती मृत्यूंतला वाटा एक तृतीयांशाहून अधिक.

इथे कायद्याची एक मेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने ज्या कलम २१०-ड नुसार राज्यांना रस्त्यांच्या आखणीचे नियम करायला सांगितले, ते कलम राष्ट्रीय महामार्ग वगळून इतर रस्त्यांना लागू आहे. महामार्गांचे निकष केंद्र ठरवते. म्हणजे कळमेश्वर–धापेवाडा रस्ता जोवर जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या हातात होता, तोवर त्याच्या कडेच्या पदपथाची मागणी नागपुरातल्या कार्यालयात करता आली असती. आता ती केंद्राच्या यंत्रणेकडे करावी लागते. महामार्गावर पादचाऱ्यांचे आणि सायकलींचे नियमन कसे करायचे, याचे नियम मात्र कलम १३८ (१अ) नुसार राज्यच करणार. रस्ता एकाचा, त्यावरून चालणाऱ्याचे नियम दुसऱ्याचे.

नदीकाठची वाट म्हणजे नेमके काय?

‘रिव्हरफ्रंट’ हा शब्द उच्चारला की साबरमतीचे काँक्रीटचे काठ डोळ्यांसमोर येतात. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठांसाठी असाच प्रकल्प सुरू आहे आणि त्यातल्या झाडतोडीवरून, नदीपात्र आक्रसण्याच्या भीतीवरून वाद झाले आहेत. नागपुरात नाग नदीच्या प्रदूषण निवारणासाठी १,९०० कोटी रुपयांहून मोठा प्रकल्प असून डिसेंबर २०२२ मध्ये त्याची पायाभरणी झाली. चंद्रभागा ही कन्हानच्या खोऱ्यातली छोटी नदी आहे. तिच्या काठी असे काही करायला पैसा नाही आणि गरजही नाही.

इथे विचार करायचा तो अडीच-तीन मीटर रुंदीच्या, मुरूम टाकून दाबलेल्या वाटेचा. ती सलग काठाने जाईल असेही नाही. जगातली कोणतीही नदीकाठची वाट तशी जात नाही. जिथे काठ खचलेला, तिथे ती पांदणीत शिरते, धुऱ्याने जाते, नाल्यावर रपटा असेल तिथून पलीकडे होते आणि पुन्हा पाण्याजवळ येते. नकाशावर ती सरळ रेष नसते, म्हणून अंतर दोन-तीन किलोमीटरने वाढते. सायकलवाल्याला त्याने फरक पडत नाही. पायी जाणाऱ्याला पडतो. त्यामुळे या वाटेने महामार्गावरचे सगळे चालणारे उचलले जातील, ही अपेक्षा चुकीची ठरेल.

जमीन कोणाची?

खरा प्रश्न हाच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या आणि त्यांचे तळ शासनाच्या मालकीचे. पण पात्र संपले की लगेच वावर सुरू होते. कळमेश्वर तालुक्यात ते संत्र्याचे, कपाशीचे किंवा भाजीपाल्याचे असते आणि काठाची जमीन सर्वांत सुपीक असल्याने शेतकरी शेवटच्या हातापर्यंत वखर घालतो. काही ठिकाणी पात्राच्या आतही. अशा जमिनीवर नवी वाट आखायची तर भूसंपादन आले, मोबदला आला आणि विरोधही आला. कोणतीही योजना इथेच थांबेल.

म्हणून नवी वाट आखण्याआधी जुनी शोधावी लागते. प्रत्येक गावाचा महसुली नकाशा असतो. त्यात गावातून गावाला जाणारे गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेले असतात. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. सव्वाआठ फूट म्हणजे अडीच मीटर. दोन सायकली समोरासमोरून जातील आणि कडेने एक माणूस चालेल, एवढी ही रुंदी. तिचा हिशेब बैलगाडीच्या आणि डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्यांच्या काळात झाला होता, पण आज सायकलच्या वाटेसाठी जेवढे लागते तेवढेच ते निघते.

नकाशावरची ही वाट जमिनीवर सापडेलच असे नाही. कुठे ती दोन्ही बाजूंनी नांगरून हातभर उरलेली असते, कुठे बाभळीने आणि गाजरगवताने बुजलेली, तर कुठे कुंपणाच्या आत गेलेली. मात्र नकाशावर ती असेल, तर ती खुली करणे हे भूसंपादन ठरत नाही, ते अतिक्रमण काढणे ठरते. तहसीलदाराचा आदेश, भूमी अभिलेख विभागाची मोजणी आणि गरज पडल्यास पोलीस बंदोबस्त, एवढ्यावर काम होते. वापरात असलेल्या रस्त्याला कोणी अडथळा केला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार तो काढून घेता येतो.

संहितेचे कलम १४३ मात्र इथे कामाचे नाही आणि याबाबत नेहमी गल्लत होते. ते कलम बांधावरून रस्ता देते, पण आपल्या वावरात जाण्यासाठी दुसऱ्या शेतकऱ्याला. नागपूरहून रविवारी सायकल घेऊन आलेल्याला किंवा दिंडीला त्यावर हक्क सांगता येत नाही. शेतकऱ्यांची धास्तीही हीच असते. आज शेजाऱ्यासाठी धुरा सोडला तर उद्या सगळे गाव त्यावरून जाईल आणि संत्र्याच्या हंगामात झाडांना हात लावील. ही धास्ती निराधार नाही. वाटेला दोन्ही बाजूंनी तारेचे कुंपण आणि चर खणून देणे, हा खर्च योजनेत पहिल्या दिवसापासून धरावा लागेल.

पूररेषेच्या आत वाट चालते का?

जलसंपदा विभाग नद्यांसाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. काठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. तिथे बांधकाम चालत नाही, पण उद्यान, मैदान यांसारखा खुला वापर चालतो. जमिनीच्या पातळीवरची मुरमाची वाट या मर्यादेत बसते. भराव टाकून उंच केलेला रस्ता बसत नाही, कारण तो पुराचे पाणी अडवतो आणि पलीकडच्या वावरात किंवा वस्तीत ढकलतो. पुण्यात मुठेच्या पात्रालगत विठ्ठलवाडी ते महामार्ग असा रस्ता निळ्या रेषेच्या आत बांधला जात होता. त्यावर २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने हरकत घेतली होती. तेव्हा ‘दरवर्षी वाट वाहून जाते, म्हणून उंच करा’ ही मागणी पहिल्याच पावसाळ्यानंतर येईल आणि ती मान्य करणे धोक्याचे असेल.

नागपूर जिल्ह्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ३० जुलै १९९१ रोजी नरखेड तालुक्यातल्या मोवाडला वर्धा नदीच्या पुराने वेढले आणि एका दिवसात २०४ जणांचा बळी गेला. छोटी नदी वर्षातले नऊ महिने निरुपद्रवी दिसते, एवढ्यावरून तिच्या काठाचा अंदाज बांधता येत नाही.

त्यात इथली माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुलैत या मातीत सायकलचे चाक दहा पावले जात नाही, चिखल बसून अडते. खडी-मुरमाचा जाड थर आणि दोन्ही बाजूंनी पाणी जायला चर हवेतच. ते केले तरी आषाढी यात्रेच्या दिवसांत, म्हणजे नेमकी सर्वाधिक माणसे चालतात तेव्हा, वाटेचा काही भाग पाण्याखाली असू शकेल. त्या दिवसांसाठी महामार्गाच्या कडेची सोय लागेलच.

वाळूचे ट्रॅक्टर आले तर?

विदर्भातल्या नद्यांच्या काठी नव्या वाटा कोण पाडतो, हे गावकऱ्यांना विचारले तर उत्तर एकच येईल. रेतीवाले. कन्हानच्या खोऱ्यात अवैध वाळू उपसा हा जुना दुखणा विषय आहे. पात्रापर्यंत पक्की वाट नेली की तिचा पहिला वापर रात्रीचा ट्रॅक्टर करील, ही भीती खरी आहे. ट्रॅक्टरच्या चाकांनी मुरमाची वाट एका हंगामात उखडते. त्याहून वाईट म्हणजे काठ खचतो.

युरोपात अशा वाटांच्या तोंडाशी खांब रोवून फक्त सायकल आणि माणूस जाईल एवढीच जागा ठेवतात. इथे ते जसेच्या तसे करता येत नाही. कारण पांदण रस्ता शेतकऱ्याचाही आहे. त्याचा ट्रॅक्टर, त्याची बैलगाडी, संत्र्याची गाडी त्यावरून जायला हवी. मे २०२५ च्या निर्णयातली तीन-चार मीटरची रुंदी त्यासाठीच आहे. पांदणीचा भाग सगळ्यांसाठी खुला आणि प्रत्यक्ष काठाचा भाग खांब लावून फक्त पायी व सायकलसाठी, अशी विभागणी करावी लागेल. खांबाची किल्ली कोणाकडे, हा त्यातला खरा तंटा. ग्रामपंचायतीकडे द्यावी तर दबाव येतो, महसूल विभागाकडे द्यावी तर तलाठी एकाच वेळी तीन गावांत असतो.

इतरत्र काय झाले?

ऑस्ट्रिया-जर्मनीतली डॅन्यूब नदीकाठची सायकलवाट जगप्रसिद्ध आहे. पासाऊ ते व्हिएन्ना या सुमारे ३२० किलोमीटरच्या टप्प्यात तिचा बराच भाग जुन्या ओढवाटांवर आहे. प्रवाहाच्या उलट दिशेने होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठाने त्या केलेल्या होत्या. इंग्लंडमधली १९९६ मध्ये खुली झालेली, जवळपास ३०० किलोमीटरची थेम्स वाटही बऱ्याच अंतरात अशाच ओढवाटेवरून जाते. दोन्हीकडे नव्याने जमीन घेण्याऐवजी आधीपासूनची सार्वजनिक वाट वापरली गेली. आपल्याकडे नद्यांत तशी जलवाहतूक नव्हती, म्हणून ओढवाटा नाहीत. आपल्याकडची तशी ठेव म्हणजे नकाशावरचे पायमार्ग आणि कालव्यांच्या कडेचे निरीक्षण रस्ते.

नर्मदा परिक्रमा हे याहून जवळचे उदाहरण. १,३०० किलोमीटरहून लांब नदीच्या दोन्ही काठांनी माणसे शतकानुशतके चालत आली, मराठी परिक्रमावासी त्यात मोठ्या संख्येने. त्यांच्यासाठी कोणी वाट बांधली नाही. सरदार सरोवराच्या जलाशयाने जुने टप्पे बुडवले, तेव्हा वाट वर सरकली. चालणारे कायम असतील तर वाट टिकते.

राज्यातला सरकारी नमुना पालखी महामार्गांचा आहे. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या या मार्गांच्या कामाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली, तेव्हा चौपदरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्या वारकऱ्यांसाठी स्वतंत्र मार्ग आराखड्यातच धरला होता. वारकऱ्यांसाठी महामार्गाच्या कडेला वाट देता येते, हे केंद्राने पश्चिम महाराष्ट्रात मान्य केले आहे. विदर्भाच्या पंढरीसाठी तीच मागणी करायला त्यामुळे आधार मिळतो.

उपयोग कोणाला?

पर्यटन हा शब्द अशा प्रस्तावात सर्वांत आधी येतो. कळमेश्वर हे नागपूर–इटारसी मार्गावरचे रेल्वे स्थानक आहे, धापेवाड्यापासून अडाशाचा गणपती जवळ आहे, नागपुरात सायकलस्वारांचे गट वाढत आहेत. सुटीच्या दिवशी चहा, पाणी, संत्री विकली जातील. पण त्यावर वाट उभी राहणार नाही.

ती टिकेल रोजच्या वापरावर. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या शेतीबाहेरच्या सुमारे २० कोटी कामगारांपैकी साडेचार कोटी पायी, तर २.६ कोटी सायकलने कामावर जात होते. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या अनेक तालुक्यांत मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. सायकल सरकार देते, ती चालवायची कुठे हे मात्र मुलीने ठरवायचे. मधल्या गावांतून कळमेश्वरच्या शाळेत, महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांना महामार्गाचा अर्धा टप्पा जरी टाळता आला, तरी वाटेचा खर्च वसूल होतो.

कारखान्यातल्या कामगाराचे तसे नाही. रात्री अकराला पाळी संपलेला माणूस अंधाऱ्या काठाने, सापा-विंचवांच्या वाटेने घरी जाणार नाही. तो महामार्गच धरील. त्याला हवे आहे ते गावाच्या फाट्यावर सुरक्षित ओलांडण, दिवे आणि कडेला तीन-चार फूट पक्की जागा. नदीकाठची वाट झाली म्हणून महामार्गावरचे हे काम मागे पडता कामा नये.

पैसा आणि पुढची पावले

पांदण रस्त्यांसाठी २०२१ मध्ये ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते’ योजना आली, तिची मांडणी रोजगार हमीशी जोडून करण्यात आली. रोजगार हमीत मजुरी आणि साहित्याचे ६०:४० हे प्रमाण पाळावे लागते, आणि मुरूम, खडी, यंत्र हे साहित्यात मोडते. यामुळे गावोगावी अर्धवट कामे दिसतात. माती खोदलेली, मुरूम आलेला नाही आणि पहिल्या पावसात आधीपेक्षा वाईट चिखल. उरलेला निधी जिल्हा नियोजन समितीतून किंवा आमदार-खासदार निधीतून घालावा लागतो. कळमेश्वर-ब्राह्मणी नगर परिषदेची हद्द संपली की काम ग्रामपंचायतींकडे जाते, म्हणून एका वाटेसाठी अनेक ठराव लागतात. एका गावाने नाही म्हटले तर वाट तिथेच तुटते.

पहिले काम फारसे खर्चाचे नाही. कळमेश्वर आणि धापेवाड्याच्या मधल्या प्रत्येक गावाचा नकाशा काढून त्यातले पायमार्ग आणि गाडीमार्ग एका कागदावर जोडायचे आणि मधे किती अंतर तुटते ते पाहायचे. तुटणारे तुकडे थोडे निघाले, तर तेवढ्याच शेतकऱ्यांशी बोलणी करावी लागतील. जास्त निघाले, तर धापेवाडा–अडासा असा छोटा टप्पा आधी घेता येईल. ग्रामसभेचा ठराव, तहसीलदारांकडे अर्ज, मोजणी आणि अतिक्रमण काढणे हे सगळे कपाशी-तूर निघाल्यावर, म्हणजे फेब्रुवारीनंतरच जमते. मुरूम जूनपूर्वी पडायला हवा. म्हणजे एका वर्षात हाताशी राहतात ते तीन-साडेतीन महिने.